मर्लिनचा श्वास मोकळा करणारा गणिती

आमच्या वसाहतीत एक तरुण आहे. वडिलांकडून आलेली पंचवीस वर्षं जुनी, एकेकाळी वेगासाठी नावाजलेली गाडी तो जिवापाड जपतो. गेल्या महिन्यात त्याने तिचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकला आणि तिथे शंकूच्या आकाराची उघडी जाळी बसवली. आता इंजिनाला भरपूर हवा मिळते, असं तो कौतुकाने सांगत होता. आवाज वाढला होता हे खरं. ताकद वाढली का, हे मात्र त्याने कुठे मोजलेलं नव्हतं. शिवाय ती जाळी बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होती, आणि तापलेली हवा विरळ असते.

मला आमच्या ओपीडीत येणारे पालक आठवले. मूल रात्री घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, दिवसा पेंगतं, म्हणून ते ताकदीचं औषध मागतात. मुलाच्या ताकदीला काही झालेलं नसतं. नाकामागे वाढलेल्या ॲडेनॉइड्सनी हवेची वाट अरुंद केलेली असते. श्वास नेमका कुठे अडतो ते आधी शोधावं लागतं.

इंजिनाच्या बाबतीत हे काम ज्यांनी केलं, त्या स्टॅन्ली हूकर यांची गोष्ट मी त्या तरुणाला सांगितली. ती इथेही सांगण्यासारखी आहे.

हूकर यांचा जन्म १९०७ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या शीअरनेस गावी झाला. शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले, गणित शिकले आणि द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या गणितात रमले. १९३५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. पुढे काही काळ नौदलाच्या संशोधन खात्यात नोकरी केली आणि जानेवारी १९३८ मध्ये ते डर्बीला रोल्स-रॉइसमध्ये दाखल झाले. कारखान्याचे प्रमुख अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी मुलाखतीतच त्यांना चिमटा काढला, की इंजिनिअर म्हणून तुम्ही काही फारसे नाही. हूकर यांना ते पटलं असावं, कारण शेवटी आपल्या आत्मचरित्राला त्यांनी तेच नाव दिलं.

सुरुवातीला त्यांना काही कामच दिलं गेलं नाही. खोली होती, टेबल होतं, पगार सुरू होता. इकडेतिकडे फिरताना त्यांच्या हाती मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचे चाचणी-अहवाल आले. आकड्यांमागचं गणित हा त्यांचा प्रांत होता. त्यांनी ते सोडवलं आणि या यंत्रात बरीच सुधारणा होऊ शकते असा निष्कर्ष लिहून काढला. ज्यांनी तो सुपरचार्जर घडवला होता, त्या जेम्स एलर यांच्यापुढेच तो कागद ठेवायचा होता. आता नोकरी जाणार, अशी हूकर यांची धारणा होती. एलर यांनी कागद वाचला, चूक मान्य केली आणि सुपरचार्जरचं काम त्यांच्याकडेच सोपवलं. मोठ्या संस्थांमध्ये असं क्वचित घडतं. हूकर यांच्या हुशारीइतकंच मला एलर यांच्या मोठेपणाचं कौतुक वाटतं.

आता थोडं शास्त्र. इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणं सोपं असतं, हवा पुरवणं अवघड. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. मर्लिन हे १२ सिलिंडरचं, २७ लिटर क्षमतेचं विमानाचं इंजिन. मिनिटाला ३,००० फेरे घेताना ते मिनिटाला सुमारे ४० हजार लिटर हवा गिळतं. आपण स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला सहा-सात लिटरांवर भागवतो.

विमान वर जाऊ लागलं की हवा विरळ होते. १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, ३० हजार फुटांवर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. विमानाने थेट लेहला उतरलेल्या पर्यटकाला जिना चढताना धाप लागते. त्याचं शरीर मग श्वास वाढवतं आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशीही वाढवतं. इंजिनाला यातलं काही जमत नाही. त्याच्यासाठी हवा दाबून घट्ट करून द्यावी लागते, आणि ते काम सुपरचार्जर नावाचा, इंजिनावरच चालणारा वेगवान पंखा करतो.

या पंख्याच्या तोंडाशी मर्लिनची दुखरी जागा होती. हवा विमानाच्या पोटाखालून आत यायची, कार्ब्युरेटरमधून वर चढायची आणि अरुंद जागेत झटकन वळून पंख्याच्या मध्यात शिरायची. प्लंबर ज्याला एल्बो म्हणतात, तसा हा कोपरा. वेगाने जाणारी हवा अशा कोपऱ्यात बाहेरच्या भिंतीकडे ढकलली जाते, आतल्या भिंतीपासून सुटते आणि तिथे भोवरे तयार होतात. भोवऱ्यांत दाब वाया जातो. हे नुकसान पंख्याच्या आधी होत असल्यामुळे ते गुणाकाराने वाढतं. पंखा दाब तिप्पट करत असेल, तर तोंडाशी गेलेला एक रुपया पलीकडे तीन रुपयांचा तोटा होतो. हूकर यांनी त्या वळणाला नवा, मोकळा आकार दिला, पंख्याची पाती आणि त्यापुढची वायूची वाट पुन्हा आखली. सिलिंडर तेच, पिस्टन तेच, २७ लिटरही तेच. पण ज्या उंचीपर्यंत इंजिन आपली पूर्ण ताकद टिकवू शकत होतं, ती साधारण १६ हजार फुटांवरून १९ हजारांच्या आसपास गेली. १९४१ च्या स्पिटफायर विमानांत हेच इंजिन होतं.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत जर्मनांचं फोके-वुल्फ १९० हे विमान समोर आलं आणि स्पिटफायर मागे पडलं. विशी-बाविशीतले वैमानिक फ्रान्सवर जात होते आणि बरेचसे परत येत नव्हते. नवं विमान घडवायला वर्षं लागली असती. हूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे मात्र एक इंजिन तयार होत होतं. उंचावरून उडणाऱ्या एका बॉम्बफेकी विमानासाठी त्यांनी मर्लिनला एकामागे एक असे दोन पंखे बसवले होते. पहिल्याने दाबलेली हवा दुसरा आणखी दाबायचा. दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं ते आठवा. तापून ती पुन्हा फुगू नये म्हणून सिलिंडरच्या आधी तिला पाण्याने थंड करण्याची सोय होती. आज डिझेल गाड्यांत जो इंटरकूलर असतो, त्याचं काम हेच.

हे लांबलेलं इंजिन स्पिटफायरमध्ये बसवून पाहण्याची कल्पना हाइव्ह्ज यांची. नाक नऊएक इंचांनी लांबवून ते बसलं. ३० हजार फुटांवर त्याची ताकद सुरुवातीच्या मर्लिनच्या जवळपास दुप्पट होती. जुलै १९४२ मध्ये ही विमानं लढाईत उतरली आणि बरोबरी साधली गेली. श्रेय एकट्या हूकर यांचं नाही. आराखड्याचा मोठा भार ज्योफ वाइल्ड यांनी उचलला होता, आणि याच काळात चांगल्या प्रतीचं पेट्रोल मिळू लागल्याचाही मोठा हात होता.

कार्ब्युरेटर पंख्याच्या आधी ठेवण्यावरून बरीच टीका होत असे. विमानाने एकदम खाली सूर मारला की पेट्रोलचा पुरवठा बिघडून इंजिन अडखळायचं. त्यावर बिआट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने एका छोट्या चकतीने तोडगा काढला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हूकर मात्र त्या जागेची बाजू घेत. पेट्रोलची वाफ होताना हवा सुमारे २५ अंशांनी थंड होते, आणि थंड हवा जास्त मावते. इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट लावलं की जो गारवा जाणवतो, तोच हा.

पुढची वर्षं जेट इंजिनांची. फ्रँक व्हिटल यांच्या कामाचं मोल हूकर यांनी लवकर ओळखलं आणि हाइव्ह्ज यांना ते दाखवायला घेऊन गेले. १९४३ पासून त्यांनी रोल्स-रॉइसची जेट इंजिनं घडवली. १९४९ मध्ये ते ब्रिस्टल कंपनीत गेले. तिथे त्यांच्या वाट्याला आलं प्रोटियस नावाचं हट्टी इंजिन.

ब्रिटानिया या प्रवासी विमानासाठी ते बनत होतं. त्यात हवा आधी मागे जायची आणि मग १८० अंशांत उलटी वळून आत शिरायची. १९५६ मध्ये उष्ण कटिबंधावरच्या उंच ढगांत चाचण्या चालू असताना इंजिनं अचानक विझू लागली. त्या ढगांत बर्फाचे कोरडे, बारीक स्फटिक होते. हवा वळायची, स्फटिक जड म्हणून सरळ जाऊन भिंतीवर आपटायचे, साचायचे, आणि साचलेला चिखलासारखा बर्फ सुटून इंजिनात गेला की ज्योत विझायची.

डॉक्टर म्हणून मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण आपलं नाक नेमकं याच तत्त्वावर चालतं. नाकातली हवेची वाट मुद्दाम वाकडी आहे. हवा वळते, धुळीचे मोठे कण वळू शकत नाहीत, ओलसर भिंतीला चिकटतात आणि फुफ्फुसं वाचतात. याची किंमत आपण मोजतोच. श्वास घेताना हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या नाकात असतो. जे वळण मर्लिनमध्ये दोष होतं आणि प्रोटियसमध्ये संकट, तेच आपल्या नाकात संरक्षण आहे. गाडीच्या फिल्टरचा डबा थोडा अडथळा करतो, पण आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ तोच अडवतो. तिथे भलतीच जाळी बसली, की सिलिंडरच्या भिंती झिजायला फार किलोमीटर लागत नाहीत.

हूकर यांना प्रोटियसचं वळण बदलता येणार नव्हतं. इंजिन बनून गेलं होतं. त्यांनी वळणावर गरम हवेचे झोत सोडले आणि ज्योत विझलीच तर लगेच पेटावी म्हणून आत सतत लाल राहणारे प्लॅटिनमचे ग्लो प्लग बसवले. विमान सेवेत यायला मात्र फार उशीर झाला आणि तोवर जेट विमानांचा जमाना आला.

ब्रिस्टलच्याच काळात त्यांनी ऑर्फिअस हे आटोपशीर जेट इंजिन घडवलं. आपल्याला ते परकं नाही. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ते तयार होत असे, आणि हवाई दलाच्या नॅट आणि मारुत या दोन्ही विमानांत तेच होतं. काँकॉर्डचं ऑलिंपस आणि हॅरिअरचं पेगासस ही इंजिनंही त्यांच्याच हाताखाली वाढली.

फेब्रुवारी १९७१ मध्ये आरबी २११ या नव्या इंजिनाच्या खर्चाने रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. इंजिन ठरलेली ताकद देत नव्हतं. हूकर तेव्हा ६३ वर्षांचे, कामातून जवळपास निवृत्त झालेले. ते परतले, सिरिल लव्हसींसारख्या मर्लिनच्या दिवसांतल्या निवृत्त सहकाऱ्यांना घरून बोलावून आणलं, आणि पुढच्या वर्षी ते इंजिन प्रवासी घेऊन उडू लागलं. १९७४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. २४ मे १९८४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, आपल्या नौदलाची पहिली सी हॅरिअर विमानं गोव्यात दाबोळीला उतरली होती. २०१६ मध्ये ती निवृत्त होईपर्यंत तिथल्या अनेकांनी ती हवेत एका जागी तरंगताना पाहिली असतील. या विमानाच्या हवा घेण्याच्या तोंडाभोवती छोट्या झडपांची रांग असते. विमान वेगात असताना समोरून पुरेशी हवा येते, झडपा मिटलेल्या राहतात. ते जागेवर तरंगू लागलं, की समोरची हवा कमी पडते आणि झडपा ओढीने आपोआप उघडतात. धाप लागली की नाकपुड्या फुलतात ना, तशा.