चांदरचे लुईस मिनेझिस ब्रागांझा



संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपल्या भागातले भाविक जुन्या गोव्याला जातात. बॅसिलिका, से कॅथेड्रल, वेळ उरला तर समुद्र, आणि लगेच परतीची गाडी. मडगावजवळचे चांदर गाव बहुतेकांचे राहून जाते. तिथे ब्रागांझा घराण्याचा प्रचंड जुना वाडा आहे. त्याचे दोन भाग आहेत. एका भागातल्या घरगुती चॅपेलमध्ये झेवियरचे एक नख श्रद्धेने जपलेले आहे. दुसऱ्या भागात हजारो ग्रंथांचा संग्रह आहे. आज आम्ही लिहिणार आहोत ते या दुसऱ्या भागातल्या माणसाविषयी. काहींना नवल वाटेल, कारण हा माणूस धर्मगुरूंचा लाडका कधीच नव्हता.

लुईस दी मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म 15 जानेवारी 1878 रोजी श्रीमंत जमीनदार कुटुंबात झाला. काही काळ ते राशोल सेमिनरीत शिकले, पुढे पणजीच्या लिसेवमध्ये गेले. घरी खायला-प्यायला भरपूर होते, बसून खाल्ले असते तरी कोणी विचारले नसते. त्यांनी मात्र लेखणी धरली. जानेवारी 1900 मध्ये मेसियस गोमिश यांच्यासह त्यांनी 'ओ हेराल्दो' सुरू केले. गोव्यातले ते पहिले पोर्तुगीज दैनिक. तेव्हा लुईस जेमतेम 22 वर्षांचे होते. हे वृत्तपत्र 1983 साली इंग्रजीत आले. पुढे 1911 मध्ये त्यांनी 'ओ देबाते' आणि नंतर 'प्राकाश' काढले.

तेव्हाचे गोवे कसे होते हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या लेखणीची धार कळणार नाही. पोर्तुगालचा राजा कॅथोलिक, राज्याचा धर्मही तोच. गोव्यातला हिंदू आपल्याच भूमीत दुय्यम होता, सरकारी नोकरीची दारे त्याला बहुतांशी बंद. ऑक्टोबर 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, धर्म आणि राज्य वेगळे झाले आणि हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले. पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांना ते रुचले नाही. लुईसनी मात्र त्याचे उघड स्वागत केले. हिंदू शेजाऱ्याला त्याचा हक्क मिळालाच पाहिजे, असे ते लिहीत राहिले. सत्तेच्या सावलीत बसणाऱ्या धर्मगुरूंवरही त्यांनी कडक टीका केली.

ही टीका वाचताना आम्हाला बरे वाटते असे नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अशा बुद्धिवाद्यांचे मुद्दे खोडून काढण्याचा आम्ही पुष्कळ सराव केला होता. काही ठिकाणी ते ख्रिस्तसभेवर अन्याय करतात असे आमचे आजही मत आहे. श्रद्धा म्हणजे नुसती सत्तेची सोय नव्हे, हे त्यांनी पुरेसे पाहिले नाही. पण शेजाऱ्याच्या हक्काच्या प्रश्नावर तेच बरोबर होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा 1965 साली काढला. चांदरच्या या माणसाने त्याच दिशेने पन्नासहून अधिक वर्षे आधी लिहायला सुरुवात केली होती, हे कबूल करायला आम्हाला संकोच वाटत नाही.

पत्रकार म्हणून नाव झाल्यावर ते राजकारणात आले आणि गोव्याच्या कायदेमंडळात बसले. 1926 मध्ये पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. थोड्याच वर्षांत सालाझार हा हुकूमशहा वर आला. 1930 साली त्याने वसाहतींसाठी एक कायदा तयार केला. परमुलूख ताब्यात ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे जन्मसिद्ध काम आहे, असा त्याचा आशय. म्हणजे गोव्याचा माणूस कितीही शिकला, कितीही पोर्तुगीज बोलला, तरी तो वसाहतीतलाच.

4 जुलै 1930 रोजी लुईस कायदेमंडळात उभे राहिले. गव्हर्नरच्या राजवटीत, पोर्तुगीजांच्याच सभागृहात, पोर्तुगीज भाषेत त्यांनी या कायद्याविरुद्ध ठराव मांडला. जगातल्या सर्व लोकांना आपले भवितव्य आपण घडवण्याचा हक्क आहे आणि गोव्याची जनता तो सोडून देत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी ब्रिटिश मुलखात मिठाचा सत्याग्रह चालला होता. आपल्या नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती 1942 साली गोळ्या झेलून पडले, त्याच्या 12 वर्षे आधीची ही गोष्ट. गोव्यातले ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचेच, असे अजूनही कोणी सहज बोलून जातो. त्याला ही तारीख सांगावी.

ठरावाने कायदा थांबला नाही. 'प्राकाश' 1937 साली बंद झाले. 10 जुलै 1938 रोजी, साठाव्या वर्षी, लुईस वारले. गोवे मुक्त व्हायला अजून 23 वर्षे होती. त्यांचे मेहुणे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 च्या आंदोलनात अटक होऊन पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवण्यात आले. लुईस यांची मुलगी बेर्ता हीदेखील त्या लढ्यात उतरली.

पणजीत 1871 पासून वास्को द गामाच्या नावाची एक साहित्यसंस्था होती. गोवे मुक्त झाल्यावर, 1963 साली, तिला मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव दिले गेले. तिच्या प्रवेशदालनात निळ्या रंगातली पोर्तुगीज फरशीचित्रे आहेत. गामाच्या सफरीची ती गाथा भिंतीवर तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी पणजीत उतरून ती पाहावीत, आणि अर्धा दिवस काढता आला तर चांदरलाही जावे. वाड्याचे दोन्ही भाग पाहावेत, एकच पाहून परतू नये.