वाल्डेमार हाफकिन

मुंबईतील हिंदमाता चौकापासून जवळच, परळ भागात, एक भव्य आणि जुनी वास्तू उभी आहे. एके काळी येथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. पुढे गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार हिल येथे गेले, आणि जेथे मेजवान्या झडत असत तेथे काचेच्या नळ्या व सूक्ष्मदर्शक यंत्रे आली. ही वास्तू आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. जिने ज्यांचे नाव धारण केले आहे, ते वाल्डेमार हाफकिन जन्माने भारतीय नव्हते. परंतु मुंबईवर कोसळलेल्या एका महासंकटात त्यांनी स्वतःचा जीव पणास लावला होता.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली तत्कालीन रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकॉव्ह यांनी पुढे जगाला दाखवून दिले. हाफकिन बुद्धिमान होते. पण ज्यू असल्यामुळे प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. धर्म बदलला असता तर तो खुला झाला असता. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८९ साली ते पॅरिसला गेले आणि पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाची साधी नोकरी त्यांनी आनंदाने पत्करली. उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

त्या काळी पटकीच्या साथीत गावेच्या गावे ओस पडत. या रोगावर हाफकिन यांनी प्रतिबंधक लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले. कलकत्त्याच्या दाट वस्त्यांत एकाच ठिकाणी राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी काहींनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. रोग कोणाला होतो याची हाफकिन यांनी काटेकोर नोंद ठेवली. लस घेतलेले बहुतेक बचावत होते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. मांडवी भागातून ती हां हां म्हणता शहरभर पसरली. लाखो लोक मुंबई सोडून गेले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि पडवी मिळाली. मदतीला एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि त्यांचीच लस बनविली. मेलेले जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. परंतु त्यांची ओळख पटली की शरीर खऱ्या शत्रूशी झुंजण्यास आधीच सज्ज होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीची मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्यांना सणकून ताप भरला, अंग ठणकले. पण ते त्यातून सुखरूप उठले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली आणि तिचा गुण सर्वांच्या प्रत्ययास आला. आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली. १८९९ साली परळच्या राजवाड्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

यशाच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर घोर आपत्ती ओढवली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी एके दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत दोषाचा रोख परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण ते १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही हा रोग झाला नव्हता. ती बाटली उघडण्यापूर्वी मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले. मात्र परळचे पद त्यांना पुन्हा मिळाले नाही. कलकत्त्यात काम करून १९१४ साली ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोपर्यंत प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या होत्या. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले.

आज त्या वास्तूच्या परिसरात के. ई. एम., वाडिया आणि टाटा ही मोठी रुग्णालये आहेत. तेथे रोज अनेक शस्त्रक्रिया होतात. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रोग्यास ताप आहे काय, दात, घसा अथवा त्वचा यांत कोठे जंतुसंसर्ग दडला आहे काय, हे पाहतात. रक्तातील पांढऱ्या पेशी मोजतात, साखर तपासतात. कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. पूर्वी घेतलेल्या लसींचीही विचारपूस होते. शरीर दुबळे आढळले, तर शक्य असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. शस्त्रे तर दर वेळी कसोशीने निर्जंतुक केली जातात. शरीराची प्रतिकारशक्ती आणि माणसाची दक्षता या दोहोंच्या बळावरच रोगी सुखरूप घरी जातो. हाफकिन यांनी पहिलीसाठी आयुष्य वेचले. आणि दुसरीत क्षणभर कसूर झाली तर काय घडते, हे दुसऱ्याच्या चुकीपायी त्यांना सोसावे लागले.