ठोकळ्याला वजन असतं! (सर विश्वेश्वरय्या आणि माझ्या पाच सूचना)



दर १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. म्हैसुरी पगडी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या फोटोला हार घालतात, एक भाषण होतं आणि मग सगळे समोशांकडे वळतात. ते गृहस्थ म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा मी एक अट घालून घेतली. मेणबत्त्यांची गोष्ट सांगायची नाही. ती आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली आहे, अगदी आमच्या कॉन्व्हेंटमध्येसुद्धा. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, त्यामुळे मला त्यांचं आयुष्य मटेरियलच्या बाजूने सांगायचंय. आणि त्याला निमित्त आहे हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत चालणारा एक गेम.

सर आणि मॅडम, तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा गेम. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्यातलं सगळं जग एक मीटर बाजूच्या ठोकळ्यांचं. ठोकळे खणायचे, रचायचे, घर बांधा नाहीतर किल्ला. मजा येते यात वाद नाही. पण सिव्हिलवाल्याला त्यात झोप लागत नाही. झाडाचं खोड मधून तोडलं तरी वरचं झाड हवेत तसंच उभं राहतं. वाळू, खडी अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर बाकीच्यांना पडणं माहीतच नाही. काचेची एक ठोकळा जाडीची भिंत अख्खा समुद्र अडवून धरते. काँक्रीट तर वाळू, खडी आणि रंग यांचं होतं, सिमेंटचा पत्ता नाही, आणि पाणी लागताच क्षणात घट्ट! आम्हाला मात्र क्यूब टेस्टसाठी २८ दिवस थांबावं लागतं.

म्हणून या गेमसाठी माझ्या पाच सूचना आहेत. आणि पाचही मला विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यात सापडल्या.

त्यांचं गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं. घर तेलुगू, वडील संस्कृतचे जाणकार, पैसा बेताचा. वडील लवकर गेले. बंगलोरला दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत त्यांनी सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केलं. मग म्हैसूर संस्थानाची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिक मिळवलं. बर्कले म्हणजे जीआयपी रेल्वेचे चीफ इंजिनीअर. आमची कल्याण-कर्जत लाइन त्यांच्याच काळातली. मी बदलापूरची असल्यामुळे हे वाचून उगाच बरं वाटलं.

१८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या पी.डब्ल्यू.डी.त असिस्टंट इंजिनीअर झाले. सुरुवातीची कामं नाशिक आणि खानदेशात. धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे न्यायला पाइपांचा सायफन टाकायचा होता. ऐन पावसाळा. खणलेला चर पुराने यायचा आणि वाळूने भरून जायचा. काम पावसाळ्यानंतर करावं असं या नव्या इंजिनीअरला वाटलं, पण वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी त्याच पावसात उभं राहून सायफन पुरा केला. इथे माझी पहिली सूचना : गेममधल्या पावसाने नदी वाढली पाहिजे. तिथे कितीही पाऊस पडो, नदी तेवढीच. उल्हास नदी अशी नाही हे आम्हाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. ज्या जगात पूर येत नाही त्या जगात बांधलेला पूल हा पूल नव्हे, शोभेची वस्तू.

त्यानंतर त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवलं. हे गाव आपल्याकडे अपरिचित नाही. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या आणि उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांपैकी कितीतरी जणांच्या आजी-आजोबांच्या तोंडी ते असायचं. १८९४-९५ च्या सुमाराचा हा काळ. गावाला सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं, पण पाणी गढूळ आणि फिल्टर बांधायला पालिकेकडे पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी काठाजवळ नदीच्याच पात्रात विहीर खोदली आणि तिथून नदीखाली बोगदा नेला. वाळूतून झिरपत येणारं पाणी गाळूनच विहिरीत यायचं. म्हणजे जी वाळू धुळ्याला चर बुजवत होती, तिलाच त्यांनी इथे कामाला लावलं. दुसरी सूचना ही : वाळूतून पाणी झिरपू दे. गेममध्ये वाळूचा ठोकळा पाण्याला प्लॅस्टिकच्या कागदासारखा अडवतो. प्रत्येक ठोकळ्याला एक आकडा हवा, त्यातून पाणी किती वेगाने जातं याचा. खडीतून भराभर, वाळूतून हळू, चिकणमातीतून जवळजवळ नाहीच.

१८९९ मध्ये ते पुण्याला एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर झाले, पाटबंधाऱ्याच्या कामासाठी. तिथे त्यांनी कालव्याच्या पाण्यासाठी जी पद्धत बसवली तिचं नाव वाचून मी हसले, ब्लॉक सिस्टीम! शेतजमिनीचे ब्लॉक पाडायचे आणि पिकांची फेरपालट करून पाणी वाटून द्यायचं, म्हणजे एकाच उसावर सगळं पाणी संपणार नाही.

पण पुण्यातलं त्यांचं खरं गाजलेलं काम खडकवासल्याचं. धरण जुनं, दगडी. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई. भिंत वाढवली तर तिच्यावरचा भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वतः डिझाइन केलेले स्वयंचलित दरवाजे बसवले, १९०३ साली. कल्पना अशी की दरवाजाचा तोल सांभाळायला साखळीने एक वजन बांधलेलं असतं आणि ते एका टाकीसारख्या कप्प्यात लोंबत असतं. धरण ठरलेल्या पातळीपर्यंत भरलं की जादा पाणी त्या कप्प्यात शिरतं. पाण्यात बुडालेलं वजन हलकं होतं, तोल बिघडतो आणि दरवाजा आपोआप उघडतो. पूर ओसरला की कप्पा रिकामा होतो, वजन पुन्हा जड होतं, दरवाजा बंद. माणूस नको, मोटर नको. पुराचंच पाणी पुराला वाट करून देतं. साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. या दरवाजांचं पेटंट त्यांनी घेतलं होतं, पण सरकारी कामासाठी केलेलं म्हणून रॉयल्टी घेतली नाही. आमच्याकडे बारवी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, तेव्हा मला हेच आठवतं.

म्हणून तिसरी सूचना : ठोकळ्याला वजन द्या, आणि पाण्यात ते कमी होऊ द्या. गेमचा ठोकळा बरोबर एक घनमीटरचा, हिशेब किती सोपा! काळ्या दगडाचा एक ठोकळा अडीच टनांच्या वर भरेल आणि पाण्यात बुडाला की एक टन हलका होईल. लाकूड तरंगेल. आर्किमिडीज आपण आठवीत पाठ केला. तो गेममध्ये असता तर पाठ करावा लागला नसता. वजन हीसुद्धा बांधकामाची वस्तूच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलालेखात साल आहे इ.स. १०६०. दगडावर दगड बसलेत आणि वजनाने एकमेकांना धरून आहेत. खरे ठोकळे ते!

१९०८-०९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादची दैना केली होती. निजामाने त्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे तलाव बांधा, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराचं काम सुरू झालं.

खालच्या बाजूच्या मद्रास सरकारने या धरणाला हरकत घेतली. आधी ८० फूट उंचीचीच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी भिंत ८० फुटांची धरली, पण पाया मात्र पुऱ्या उंचीला पेलेल एवढा रुंद घेतला. धरण पुढे साधारण १३० फूट उंच झालं. हे धाडस का, ते गणिताने कळतं. पाण्याखाली दर मीटर खोलीला एका चौरस मीटरवर एक टन दाब वाढतो. म्हणजे चाळीस मीटर खाली गेमच्या एका ठोकळ्याच्या तोंडावर चाळीस टन! म्हणून धरण वर निमुळतं आणि खाली रुंद असतं. आणि एवढी दगडी भिंत जोडली कशाने? सिमेंट बाहेरून आणायचं तर महाग. भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून केलेल्या मसाल्याने. सुरखीचा चुना पाण्यातही घट्ट होतो, फक्त घाई चालत नाही, तो हळूहळू ताकद धरतो. ते धरण आजही उभं आहे.

चौथी सूचना त्यातूनच : पाण्याला दाब द्या आणि जोडायला मसाला द्या. गेममध्ये भट्टीत वीट भाजता येते. मग ती कुटून सुरखी होऊ दे, चुनखडी भाजून चुना होऊ दे, आणि मसाला घट्ट व्हायला काही दिवस लागू देत. तोवर भिंतीवर भार टाकला तर भिंत जाईल. थांबणं हासुद्धा बांधकामाचा भाग आहे हे खेळताना कळेल.

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ ला बंगलोरचं इंजिनीअरिंग कॉलेज सुरू झालं. पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी सावरला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमधल्या गंगेवरच्या पुलाची जागा ठरवणाऱ्या कामात ते होते. १४ एप्रिल १९६२ ला, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

त्याच्या नऊ महिने आधीची एक घटना मात्र चरित्रांत क्वचितच येते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं आणि ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी ऐन उमेदीत दरवाजे बसवले होते तेही फुटलं. पुणं बुडालं. दोष त्या दरवाजांचा नव्हता, आलेलं पाणीच धरणाच्या मापाबाहेरचं होतं. प्रत्येक वस्तूला एक हद्द असते आणि ती ओलांडली की ती वस्तू कुणाची कीर्ती बघत नाही.

म्हणून माझी पाचवी सूचना, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. गेममध्ये एक वाईट ठोकळा हवा. दिसायला चांगल्या काँक्रीटसारखाच, किमतीला स्वस्त, पण काही वर्षांनी आतून सुटणारा. आमच्या उल्हासनगरात १९९० च्या दशकात पुष्कळ इमारती वालवा रेतीने, म्हणजे दगडाच्या चुऱ्याने, बांधल्या गेल्या. बाहेरून प्लास्टर, रंग, सगळं नीट. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून जास्त माणसं घरात बसल्या जागी गेली. तेव्हा या रेतीचं नाव पुन्हा पेपरात आलं. त्या भागातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये माझी मावशी राहते. मी जाते तेव्हा आधी छताकडे बघते, मग चहा घेते.

ठोकळा चांगला की वाईट हे बघून कळत नाही, तपासून कळतं. विश्वेश्वरय्यांच्या हाताखाली वाळू होती, वीट, चुना, दगड आणि पाणी. यातलं काहीच नवीन नव्हतं. कोण किती सोसेल, हे त्यांना माहीत होतं.

तर कॉम्प्युटरच्या मुलांनो, या गेमला मॉड लिहिता येतात असं तुम्हीच मेसमध्ये सांगत असता. लिहा. दगड, विटा, सुरखी, सगळ्यांच्या ताकदीचे आकडे मी लॅबमधून आणून देते. वाईट ठोकळ्याचेसुद्धा.