लष्करी डॉक्टर काहाल

लष्करातून आलेल्या थोर माणसांमध्ये मला सर्वांत जवळचे वाटतात ते सांतियागो रामोन ई काहाल. जीवशास्त्राच्या वहीत आपण चेतापेशीची आकृती काढतो, तिचे खरे रूप जगाला पटवून दिले ते या स्पॅनिश डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागॉन या खेड्यात झाला. वडील डॉक्टर, पण पोरगा महाउनाड. अकराव्या वर्षी त्याने घरीच तोफ बनवली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवून दिले. त्यापायी काही दिवस कोठडीत काढले. चित्रकलेचे त्याला वेड होते आणि वडिलांना त्याचा राग. त्यांनी मुलाला न्हाव्याकडे, मग जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. अखेर त्यांनीच त्याला मानवी हाडांची चित्रे काढायला बसवले आणि चित्रांच्या नादाने तो शरीरशास्त्रात रमला.

१८७३ मध्ये पदवी मिळताच काहाल लष्करी डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी त्यांना क्युबात पाठवले गेले. तिथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. दलदलीतल्या छावणीत जवानांवर उपचार करता करता त्यांनाच हिवताप आणि आमांशाने गाठले. १८७५ मध्ये ते हाडांचा सापळा होऊन मायदेशी परतले. पुढे क्षयानेही पछाडले. त्याच सुमारास त्यांनी पदरमोड करून एक सूक्ष्मदर्शक घेतला. मला वाटते, त्यांची खरी मोहीम इथून सुरू झाली.

१८८५ मध्ये व्हॅलेन्सियात कॉलऱ्याची साथ आली. काहाल तिथे प्राध्यापक होते. मेलेले जंतू टोचूनही प्राण्यांना संरक्षण मिळू शकते, असे त्यांनी प्रयोगातून दाखवले. यामागचे कारण आज आपण शिकतो. पांढऱ्या पेशी मेलेल्या जंतूलाही परका म्हणून ओळखतात, प्रतिपिंडे तयार करतात आणि त्या शत्रूची ओळख जपून ठेवतात. खरा हल्ला होतो तेव्हा फौज आधीच सज्ज असते. या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक शासनाने त्यांना उत्तम झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला. पुढे १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, तीही मारलेल्या जंतूंपासूनच.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत, की मेंदूतले तंतू एकमेकांना जोडलेले असून त्यांचे एक सलग जाळे असते. इटलीच्या गॉल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती. त्यांचेही मत तेच. काहाल यांनी तीच पद्धत सुधारून पक्ष्यांच्या मेंदूचे काप तपासले. १८८८ मध्ये त्यांना दिसले, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. संदेश एका पेशीकडून दुसरीकडे ठरावीक दिशेने जातो. परेडवर ‘सावधान’ ऐकू येताच कानापासून पायांपर्यंत हुकूम पोचतो, तो असाच, एका पेशीने दुसरीच्या हाती सोपवत.

बार्सिलोनातल्या या प्राध्यापकाला युरोपात कोण विचारणार? त्यांनी स्वखर्चाने नियतकालिक काढले. १८८९ मध्ये पदरचे पैसे घालून ते काचपट्ट्यांसह बर्लिनच्या परिषदेला गेले आणि तिथल्या नामवंतांना एकेक करून सूक्ष्मदर्शकाशी बसवले. ख्यातनाम शास्त्रज्ञ क्योलिकर यांना ते पटले आणि काहाल यांचे नाव सर्वत्र झाले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळाले. त्या समारंभातील भाषणातही गॉल्जी यांनी काहाल यांच्या मताला विरोधच केला. काहाल कामच करत राहिले. १९३४ मध्ये माद्रिदला त्यांचे निधन झाले. दोन चेतापेशींमधली सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, ती १९५० च्या दशकात.

ज्या चित्रकलेपायी घरी बोलणी खाल्ली, तीच त्यांच्या कामी आली. त्यांनी हाताने काढलेल्या चेतापेशींच्या आकृत्या आजही अभ्यासल्या जातात. आपल्यापैकी कुणाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्रे असतील, तर ती फाडू नका.