प्रकाशाने कोरणारे दादासाहेब



विज्ञान प्रदर्शन जवळ आले की काही विद्यार्थी घरीच सर्किट बोर्ड तयार करतात. तांब्याचा पातळ थर असलेल्या बोर्डावर फोटोरेझिस्टची फिल्म चिकटवायची, वर सर्किटच्या आकृतीची निगेटिव्ह ठेवायची आणि अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश पडतो तिथली फिल्म पक्की होते. उरलेली धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निघून जाते. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उघडे तांबे विरघळते आणि झाकलेल्या रेषा शिल्लक राहतात.

ही युक्ती आजची वाटते. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या गुजरातेत राहून एका मराठी तरुणाने हीच विद्या हस्तगत केली होती. ते म्हणजे धुंडिराज गोविंद, अर्थात दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. कलाभवनाचे प्राचार्य, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे आपल्या सुरतेचे. त्यांनी फाळक्यांचे गुण हेरले, संस्थेचा फोटो स्टुडिओ त्यांना वापरू दिला आणि ब्लॉक बनवण्याची कला शिकण्यासाठी त्यांना रतलामला बाबुलाल वरूलकरांकडे पाठवले.

त्या काळी छपाईचा ब्लॉक करताना जस्त किंवा तांब्याच्या पत्र्यावर अंड्याचा पांढरा बलक किंवा सरस यांत डायक्रोमेट मिसळून लेप देत. निगेटिव्हमधून प्रकाश पडेल तिथला लेप घट्ट होई, बाकीचा पाण्याने धुऊन जाई आणि उघडा पत्रा रसायन खाऊन टाकी. तांब्यासाठी तेव्हाही फेरिक क्लोराइडच वापरत!

फाळक्यांचे आयुष्य मात्र सरळ गेले नाही. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी व मूल हिरावले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, तीही पुढे सोडली. लोणावळ्यास छापखाना काढून राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कामे केली. नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस गेले. पुढे भागीदारांशी पटेना, म्हणून चाळिशीत उभा धंदा सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडले.

पण हात खरेच रिकामे होते का? १९११ मध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्या ध्यासाने रात्रंदिवस अभ्यास केला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे घरीच, अंधाऱ्या खोलीत होत. पत्नी सरस्वतीबाई त्यात बरोबरीने राबल्या. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. प्रकाश, रसायन आणि अंधारी खोली यांची सवय ब्लॉकच्या धंद्यातच झाली होती. धंदा गेला, विद्या राहिली.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, पहिला बोर्ड बिघडला तरी नाउमेद होऊ नका. मात्र दादासाहेबांच्या डोळ्यांची आठवण ठेवा. चष्मा व हातमोजे घाला, शिक्षक किंवा पालक जवळ असताना काम करा, उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. पालकांना एकच विनंती: फरशीवर एखादा पिवळा डाग पडलाच, तर रागावण्याआधी मुलाने काय बनवले ते जरूर पाहा.