वालचंद हिराचंद : बाहेरचं वारं ओळखणारे उद्योजक



बारामतीहून इंदापूरला जाताना जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागतो. आपली मुलं तिथून कितीतरी वेळा जातात. पण हे वालचंद कोण, असं वर्गात विचारलं तर बहुतेकजण "कारखान्याचे मालक" एवढंच सांगतात. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. पण वालचंद यांचं लक्ष दुकानाबाहेर होतं. देशात रेल्वे वाढत होती. त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी केली आणि रेल्वेच्या कामांचे ठेके घेतले.

१९१९ साल उजाडलं. पहिलं महायुद्ध नुकतंच थांबलं होतं. जहाजं कमी पडत होती, मालाचं भाडं चढलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकायला आहे, हे कळताच वालचंद आणि नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांनी ते घेतलं. त्यातूनच सिंदिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो तो याच तारखेला.

पण थांबा, गोष्ट इतकी सोपी नाही. लढाई संपून काही दिवस गेले आणि भाडी कोसळली. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं. याआधी चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी जहाज कंपनी अशाच स्पर्धेत बुडाली होती. शेवटी १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात फक्त किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. हा कमीपणाच होता, पण कंपनी जगली.

आता आपल्या इंदापूर तालुक्याकडे या. कळंबच्या परिसरात नीरा कालव्याचं पाणी होतं, जमीन होती, ऊस येत होता. अडचण होती ती बाजाराची. जावा बेटावरची स्वस्त साखर येत होती, तिच्यापुढे देशी कारखाना टिकणार कसा? १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी साखर महाग झाली आणि गणित बदललं. त्यानंतर लवकरच कळंबला साखर कारखाना उभा राहिला, वसाहत वाढली, वालचंदनगर झालं. नाशिक जिल्ह्यात रावळगावलाही असाच कारखाना निघाला.

दुसऱ्या महायुद्धात विमानांची गरज ओळखून त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमान कारखाना काढला. पण ज्या युद्धाने ही संधी दिली, त्यानेच ती हिरावली. जपान युद्धात उतरला आणि १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेलं 'जलउषा' जहाज मात्र १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचं निधन झालं.

मित्रांनो, मला यातून एकच गोष्ट मुलांना द्यावीशी वाटते. मेहनत तर हवीच, पण पाणी, भाव, कायदा, युद्ध या बाहेरच्या गोष्टी आपल्या हातात नसतात. त्या आधी ओळखाव्या लागतात. आणि ओळखूनही कधी हार येते, तेव्हा तग धरावा लागतो. आपल्याकडच्या ऊस आणि दूधवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

कृती : मुलांना घरी विचारून यायला सांगा, गेल्या वर्षभरात आपल्या शेतीवर किंवा दुकानावर बाहेरच्या कोणत्या तीन गोष्टींचा परिणाम झाला? आणि घरच्यांनी तेव्हा काय केलं? पालकहो, तुम्हीही वेळ काढून खरं उत्तर द्या. नुकसान झालं असेल तर तेही सांगा. मुलं त्यातूनच शिकतात.