विताले ब्रामानी : बुटाखाली लिहिलेलं नाव

जून उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच चर्चा सुरू होते. राजमाची करायचा की हरिश्चंद्रगड? आणि त्याहून मोठा प्रश्न, बूट कुठले घ्यायचे? एकाला वॉटरप्रूफ पाहिजेत, दुसऱ्याला पायाला न चावणारे आणि सगळ्यांनाच स्वस्तात. दुकानात आपण बूट वरून बघतो, घालून दोन पावलं चालतो आणि बिल करतो. तो उलटा करून सोल बघणारे थोडेच. चांगल्या ट्रेकिंग बुटांच्या सोलवर बऱ्याचदा एक छोटं पिवळं अष्टकोनी लेबल दिसतं, 'विब्राम'. मित्रांनो, हे नुसतं कंपनीचं नाव नाही. 'विताले'मधला 'वि' आणि 'ब्रामानी'मधला 'ब्राम' जोडून ते झालंय. त्या माणसाची ही ओळख.

विताले ब्रामानी यांचा जन्म १९०० साली इटलीतल्या मिलान शहरात झाला. आल्प्सचे डोंगर तिथून जवळ, त्यामुळे गिर्यारोहणाचं वेड लवकर लागलं. ते इटालियन अल्पाइन क्लबमधले नावाजलेले गिर्यारोहक झाले. मिलानमध्ये त्यांचं गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकानही होतं. म्हणजे बूट विकणारे तेच आणि तेच बूट घालून कड्यावर चढणारेही तेच!

त्या काळी डोंगरात जायचं तर दोन जोड लागायचे. पायथ्यापासून वर जाताना जाड चामड्याचे बूट, त्यांच्या सोलला लोखंडी खिळे ठोकलेले. माती, गवत, बर्फ यावर खिळे छान रुतायचे. पण खडकावर ते घसरायचे, आणि लोखंडातून थंडी थेट पायात यायची. म्हणून कडा सुरू झाला की ते जड बूट काढून ठेवायचे आणि फेल्ट किंवा तागासारख्या सोलचे हलके, मऊ जोडे घालायचे. खडकावर ते मस्त चालत. पण पाऊस आला की भिजून लगदा, आणि बर्फ पडला की संपलंच.

१९३५ साली नेमकं तेच झालं. इटलीच्या उत्तर सीमेवरच्या पुंता राझिका या शिखरावर गिर्यारोहकांची एक तुकडी वादळात सापडली. थंडी आणि हिमवर्षावात सहा जण गेले. ते ब्रामानींचे मित्र होते. हवामान तर वाईट होतंच, पण पायातले जोडे त्या हवेत कामाचे नव्हते, हेही एक कारण होतं.

ब्रामानींच्या डोक्यातून ही गोष्ट गेली नाही. खडकावर धरेल, बर्फावर धरेल, ओलं झालं तरी चालेल आणि थंडी आत येऊ देणार नाही असा एकच सोल का असू नये? आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम स्टेटमेंट तयार झालं. उत्तर रस्त्यावर धावत होतं. मोटारीचा टायर ओल्या रस्त्यावर चालतो, तर तेच रबर बुटाला का नाही? फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आपण जे व्हल्कनाइज्ड रबर पाठ करतो, तेच हे. पिरेली ही टायर कंपनी मिलानचीच. तिच्या मदतीने त्यांनी सोल बनवला.

खरी गंमत नक्षीत आहे. सोलच्या कडेने जाड खाचा आणि मधोमध अधिकच्या चिन्हासारखे उंचवटे. मऊ जमिनीत ते खिळ्यांसारखे रुततात आणि खडकावर रबर चिकटून राहतं. ही नक्षी रणगाड्याच्या पट्ट्यासारखी दिसते, म्हणून सोलचं नाव पडलं 'कारार्मातो', म्हणजे इटालियनमध्ये रणगाडा. १९३७ साली हा सोल आला. त्याच वर्षी ब्रामानी आणि एत्तोरे कास्तिल्योनी यांनी पिझ बादिले या शिखराची वायव्य भिंत पहिल्यांदा सर केली. आपण बनवलेल्या वस्तूवर आपलाच जीव टांगायचा, याहून कडक टेस्टिंग कुठलं?

पुढे ३१ जुलै १९५४ रोजी आकिले कोंपान्योनी आणि लिनो लाचेदेली हे दोन इटालियन ८,६११ मीटर उंचीच्या के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले. त्यांच्या बुटांना विब्रामचेच सोल होते. त्यानंतर हे नाव जगभर झालं. खिळ्यांचे बूट हळूहळू संग्रहालयात गेले.

१९७० साली ब्रामानी वारले. आज दुकानदार ज्या वॉटरप्रूफ बुटांची तारीफ करतात, ते त्यांचं काम नव्हे. पाणी आत न घेता घाम बाहेर सोडणाऱ्या गोर-टेक्सचा शोध अमेरिकेत १९६९ साली लागला आणि बुटांत तो त्यानंतर आला. ब्रामानींनी त्याआधीचा प्रश्न सोडवला होता. पाय ओला झाला तर माणूस वैतागतो, पण पाय सुटला तर माणूसच जातो.

म्हणून यंदा बूट घ्यायला जाल तेव्हा आधी तो उलटा करा. खाचा खोल आहेत का, रबर नखाने थोडं दबतं का, ते बघा. आपल्याकडच्या शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठल्याही सोलवर भरवसा ठेवू नका, तिथे जपूनच चाला. आणि वॉटरप्रूफचं विचारायचं ते त्यानंतर.